वीस रिकाम्या चौकटी

आयुष्यातली तीन वर्षं मी जंगलात हरणांच्या लेंड्या मोजण्यात घालवली. हे मी चारचौघांत फार वेळा बोललेलो नाही. बोललो तेव्हा लोक आधी हसले आणि मग पुढे काही विचारलं नाही. यात याहून जास्त ऐकण्यासारखं काही नसणार, असं त्यांना वाटलं असावं. मलाही तसंच वाटावं म्हणून मी पुष्कळ वर्षं खटपट केली. जमलं नाही.

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या थोडी आधीची गोष्ट. धारवाडच्या एका कॉलेजात मी जीवशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. म्हणजे मुलांसाठी बेडूक आणायचे, ते त्यांच्याकडून नीट फाडून घ्यायचे, आणि मुलं घरी गेली की टेबलं पुसायची. तिथल्याच मळमड्डी भागात भाड्याच्या दोन खोल्या होत्या, नवीन लग्न झालेलं होतं, आणि एम.एस्सी. झाल्याशिवाय लेक्चररची जागा मिळणार नाही असं मला स्पष्ट सांगण्यात आलं होतं. माझे प्राध्यापक, ज्यांना मी इथे नुसतं सर म्हणतो, ते खूर असलेल्या जनावरांचे वेडे होते. त्या काळी धारवाडातल्या बऱ्याच साहेबांच्या आणि वकिलांच्या दिवाणखान्यात सांबराची शिंगं टांगलेली असत. सरांनी कधी बंदूक हातात घेतली नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की यांना मारायला सगळ्यांना येतं, पण जंगलात ती किती आहेत आणि काय खाऊन जगतात हे एकालाही माहीत नाही. तेव्हा ते ऐकून मी भारावून जात असे. आता ते वाक्य आठवलं की मला थकवा येतो.

अळणावरच्या बाजूला एक लहान गाव होतं. गावाची गुरं पिढ्यान् पिढ्या शेजारच्या सरकारी जंगलात चरत. जंगलखात्यातल्या एका अधिकाऱ्याच्या डोक्यात आलं की या गुरांमुळे चितळं आणि सांबरं हटत चालली आहेत, तेव्हा गुरांना चराई बंद करावी. दुसऱ्याला ते पटत नव्हतं. दोघांचं एकमत होईना म्हणून त्यांनी सरांना विचारलं, की शास्त्र काय म्हणतं ते सांगा. सरांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. म्हणाले, "तीन वर्षं मोज. त्यांनाही उत्तर मिळेल आणि तुझाही प्रबंध होईल." म्हणजे गावाच्या गुरांनी चरायचं की नाही, हे मी मोजेन त्यावर ठरणार होतं. हे सरांना माहीत होतं, मला माहीत होतं. गावाला माहीत नव्हतं. सरांनीच बजावलं होतं, "गावात बोलायचं नाही. कळलं की लोक आकडे बिघडवतात." मीही आज्ञाधारकपणे तोंड शिवून घेतलं.

हरीण मोजण्यासाठी उभं राहत नाही, पण त्याची लेंडी जागेवर राहते. म्हणून सरांनी युक्ती काढली होती. जंगलात एकसारख्या मापाच्या चाळीस चौकटी आखायच्या, चारी कोपऱ्यांना बांबूच्या खुंट्या आणि भोवती गेरूत बुडवलेली सुतळी. वीस चौकटी गावाजवळ, जिथे गुरं चरत. वीस दूर, ओढ्यापलीकडे, जिथे गुरं जात नसत. महिन्यातून एकदा जायचं, प्रत्येक चौकटीतल्या लेंड्या मोजायच्या, आणि मोजून झाल्या की सगळ्या वेचून बाहेर टाकायच्या. म्हणजे पुढच्या महिन्यात दिसतील त्या नव्या. पावसाळ्यात सगळं वाहून जाई, तेव्हा ते चार महिने सुट्टी. बाकीच्या महिन्यांत अमावास्येनंतरचा पहिला रविवार माझा ठरलेला. त्यात कधी बदल केला नाही. शास्त्रात नियमितपणाला महत्त्व असतं, असं सर म्हणत.

काम सोपं वाटेल. सागाची पानं सुपाएवढी असतात. ती एकेक उचलून खाली बघायचं, गुडघ्यांवर, पोट जवळजवळ जमिनीला लावून. शेळीची लेंडी आणि चितळाची लेंडी यांतला फरक कळायला मला दोन महिने लागले. सांबराची मोठी, ती लगेच कळते. शंका आली की कागदात गुंडाळून पिशवीत टाकायची आणि धारवाडला नेऊन भिंगाखाली फोडून बघायची, आत कुठल्या गवताचे तुकडे आहेत ते. ती पिशवी घेऊन मी पहिल्यांदा घरी आलो तेव्हा बायकोने उंबऱ्यातच विचारलं, "अहो, यात काय आहे?" मी खरं सांगितलं. तिने पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "लोक जंगलातून आवळे आणतात." त्यानंतर ती पिशवी कायम बाहेरच्या कट्ट्यावर राहिली, आणि मीही आंघोळ केल्याशिवाय आत गेलो नाही.

गावात माझी सोय एका शेतकऱ्याकडे होती. त्यांना सगळं गाव अप्पा म्हणे, मीही अप्पाच म्हणू लागलो. त्यांच्या बायकोला मी अक्का म्हणत असे. दोघं पन्नाशीच्या आतबाहेर. घरात तीन म्हशी, एक बैलजोडी. भाताचं रान थोडं, ते पावसावर. खरं घर चालायचं ते म्हशींवर, आणि म्हशी चालायच्या त्या जंगलातल्या चराईवर. अक्का आठवड्याला लोणी घेऊन अळणावरच्या बाजाराला जायची. ती मला एकदा म्हणाली होती, "रान हाय म्हणून आमी हाय, मास्तर." हे तिने सहज, शेण थापता थापता म्हटलं होतं.

पहिल्या वर्षी अप्पा माझ्याबरोबर चौकटींपर्यंत यायचे आणि एका दगडावर बसून माझ्याकडे बघत राहायचे. मी काय करतो आहे हे त्यांना नीट कळलेलं नसावं. एकदा त्यांनी फार अदबीने विचारलं, "मास्तर, ह्याचं औषध करतासा काय?" मी म्हटलं, "नाही, अभ्यास. परीक्षेसाठी." त्यांनी मान हलवली. गावात माझं नाव लेंडी मास्तर पडलं होतं, हे मला पुढे कळलं. अक्काला मात्र ते नाव आवडत नव्हतं. कॉलेजातला शिकलेला माणूस, ब्राह्मण, आणि दिवसभर गुडघ्यावर बसून हाताने घाण वेचतो, याची तिला फार लाज वाटायची. माझी नव्हे, गावाची. आपल्या गावात येऊन पाहुण्याला हे करावं लागतं, म्हणून. संध्याकाळी मी कंबर धरून त्यांच्या ओसरीवर येऊन बसलो की ती अप्पांना कानडीत काहीतरी रागावून बोलायची. मला कानडी घरच्यासारखी येत होती. ती म्हणत होती, "तुम्ही बसून बघता काय, हातभार लावा की." अप्पा म्हणायचे, "ते लावू देत नाहीत." ते खरंच होतं. मी कुणालाही हात लावू देत नसे.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मी गेलो, आणि गावाजवळच्या चौकटी रिकाम्या सापडायला लागल्या. एकदम नाही. आधी पाच-सहा, पुढच्या महिन्यात दहा, शिमग्यापर्यंत वीसच्या वीस. ओढ्यापलीकडच्या चौकटींत मात्र पूर्वीइतक्याच, कधी थोड्या जास्तही. वही उघडून दोन्ही रकाने शेजारी ठेवले की आंधळ्यालाही दिसावं. गुरं तिथे हरणं नाहीत, गुरं नाहीत तिथे हरणं. सर एवढे खूश झाले की त्यांनी मला स्वतःच्या हाताने कॉफी करून दिली. इतका स्पष्ट निकाल क्वचित मिळतो, म्हणाले.

आता जे सांगतो ते माझ्या मनाला अजून टोचतं. रिकामी चौकट बघून मला पहिल्यांदा काय वाटलं? बरं वाटलं. वीस चौकटी म्हणजे चार तासांचं काम. आता ते तासाभरात उरकायचं. कंबर वाचली, दुपारची गाडी मिळायला लागली. त्या चौकटींत पालापाचोळाही कमी होता, हे मला दिसलं होतं. वहीत मी तसं लिहिलंही आहे, माझ्याच अक्षरात, "पाचोळा कमी". बायका खतासाठी पाला गोळा करून नेतात हे मला ठाऊक होतं, तेव्हा तेच असणार असं मी ठरवून टाकलं. पाला चौकटीच्या आतलाच कमी आहे आणि सुतळीबाहेर ढीगभर पडलेला आहे, हे दिसायला फक्त मान वळवायला हवी होती. मी मान वळवली नाही. थकलेल्या माणसाला जे सोयीचं ते पटतं, आणि मी तेव्हा सतत थकलेला असायचो. हे कारण आहे, सबब नाही.

तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात सरांनी जंगलखात्याला अहवाल पाठवला. मी मोजणी पुरी होऊ द्या म्हणत होतो, पण त्यांना घाई होती. तिकडून मागणी आली होती, आणि निकाल तर समोर दिसत होता. उन्हाळ्याच्या तोंडाला हुकूम निघाला. ओढ्याच्या अलीकडचं सगळं जंगल पाच वर्षं गुरांना बंद.

त्या महिन्यात कॉलेजला मध्येच दोन दिवस सुट्टी आली. मला अप्पांना तोंड दाखवायचं धैर्य होत नव्हतं, पण शेवटची मोजणी करून खुंट्या उपटायच्या राहिल्या होत्या. रविवारपर्यंत थांबलो तर जाणारच नाही असं वाटून मी शनिवारीच सकाळच्या गाडीने निघालो. तीन वर्षांत ठरलेल्या दिवसाआधी गेलो तो एवढा एकदाच. स्टेशनवरून गावात न जाता आडवाटेने सरळ चौकटींकडे गेलो, म्हणजे अप्पा भेटायच्या आधी काम उरकेल.

तिसऱ्या चौकटीत अक्का होती. कमरेत वाकून, खराटा घेऊन झाडत होती. अंगण झाडतात तसं, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, सुतळीला धक्का न लावता. सगळं सुपलीत भरून ती बाहेर करवंदीच्या जाळीमागे टाकून आली. मी झाडाशी उभा होतो. मला पाहिल्यावर तिने खराटा पाठीमागे घेतला.

"आज कसं काय आलासा, मास्तर? उद्या यायचं न्हवं?"

"अक्का, हे काय करता?"

ती ओशाळली. म्हणाली, "तुमी बघितलासा, हे बरं न्हाई झालं. अवो, तुमी यायच्या आदल्या दिशी मीच झाडून ठेवतो की. दोन वर्सं होत आली. आमच्या जवळच्या तेवढ्याच. पलीकडं वढ्याकडं जायाला म्हशींमुळं होत न्हाई. निम्मं तरी काम हलकं व्हतंय न्हवं तुमचं?"

मी तिथेच खाली बसलो. तिला वाटलं माझी कंबर धरली. "बसा, बसा," म्हणाली, "हितं आता सोच्छ हाय."

मी स्वतःला तिच्या जागी ठेवून सगळं पाहिलं. दर महिन्याला एक माणूस येतो, चाळीस चौकटींतली घाण हाताने वेचतो, चौकटी लख्ख करतो आणि जातो. वहीत काय खरडतो ते खरडो. पण काम काय दिसतं? साफ करण्याचं. पाहुणा यायच्या आदल्या दिवशी घर झाडतात, आणि हा तर पाहुणाच झाडायला येतो. मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं की मला लेंड्या हव्या आहेत, त्यांच्यावर तुझ्या म्हशींचं भवितव्य ठरणार आहे. सांगितलं असतं तर तिने एका लेंडीला हात लावला नसता. गाव आकडे बिघडवील म्हणून आम्ही गावाला अंधारात ठेवलं, आणि म्हणूनच ते बिघडले. मी तिला काही बोललो नाही. खुंट्याही उपटल्या नाहीत. दुपारच्या गाडीने परत आलो.

सरांना त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यांनी माझी वही मागून घेतली. मग विचारलं, "कुठल्या चौकटी?" मी म्हटलं, "गावाजवळच्या सगळ्या." ते म्हणाले, "पलीकडच्या वीस शाबूत आहेत ना?" मी होय म्हटलं. तो माणूस खोटा नव्हता, हे सांगायला हवं. त्यांनी जंगलखात्याला पत्र लिहिलं, जवळच्या चौकटींचे आकडे ग्राह्य धरू नयेत म्हणून. लिहायला तीन आठवडे लावले, पण लिहिलं. उत्तर आलं की हुकूम निघालेला आहे, पाच वर्षांनी फेरविचार होईल. मी स्वतःही चराईबंदी हवी असलेल्या त्या अधिकाऱ्याला भेटायला गेलो. त्याने मला बसायला खुर्ची दिली, आपुलकीने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमच्या मोजणीवर तर आम्ही निर्णय घेतला. आता तुम्हीच तो मागे घ्या म्हणता." बाहेर आलो तेव्हा मला त्याचा नव्हे, स्वतःचाच संताप आला होता.

मग मी जे केलं ते बहुतेकांनी केलं असतं. ओढ्यापलीकडच्या वीस चौकटींवर प्रबंध लिहिला. चितळ कुठल्या महिन्यात काय खातं, सांबर केव्हा ओढ्यावर उतरतं, एवढाच. गुरांचं नाव त्यात नव्हतं. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. पदवी मिळाली, लेक्चररची जागा मिळाली, बायकोने शेजारी पेढे वाटले. अप्पांकडे मात्र मी वर्षभर गेलो नाही. आज जातो, उद्या जातो करत राहिलो. कधी कॉलेजची परीक्षा आली, कधी बायको आजारी, कधी नुसताच कंटाळा. खरं सांगायचं तर तोंड दाखवायची भीती वाटत होती. तोवर युद्ध सुरू झालं होतं आणि गाड्यांना गर्दी वाढली होती, तेही एक निमित्त झालं.

शेवटी गेलो तो एका संध्याकाळी. गोठ्यात बैलजोडी तेवढी होती. म्हशींच्या जागी सरपण रचून ठेवलेलं होतं. अप्पा ओसरीवर दोर वळत बसले होते. मला पाहून उठले, पाणी दिलं, घरची विचारपूस केली. म्हशी विकल्या का, हे विचारायची मला गरज पडली नाही. त्यांनीच सांगितलं, हळियाळच्या एका माणसाने नेल्या, दोन आधी आणि एक मागून. अक्का आता दुसऱ्यांच्या रानात रोजाने जाते, एवढ्यात येईल.

मी त्यांना सगळं सांगितलं. कशासाठी मोजत होतो, कुणी सांगितलं होतं, चौकटी कशा रिकाम्या झाल्या, त्यावरून काय ठरलं. कानडीत सांगितलं, म्हणजे एकही शब्द इकडचा तिकडे होणार नाही. दोष माझा आहे, हे दोनदा सांगितलं. अप्पा दोर वळायचे थांबले होते. ते माझ्यावर ओरडतील असं मला वाटत होतं, ओरडावं असंही वाटत होतं. त्यांनी दोर मांडीवरून काढून बाजूला ठेवला आणि वाटेकडे नजर टाकली.

"तिला सांगितलासा?"

"नाही."

"सांगू नका," ते हळूच म्हणाले. "मला बोललासा, तेवढं पुरे. त्या म्हशी तिनं रेडकापासनं वाढवल्या व्हत्या. आता ती साहेबाला शिव्या देत्या, त्ये बरं हाय. स्वतःला द्यायला लागली तर जगायची न्हाई ती."

तेवढ्यात अक्का आली. डोक्यावरचा गवताचा भारा तिने गोठ्याशी टाकला, पदराने तोंड पुसलं आणि मला पाहून हसली. वाळली होती. गुडघ्यापर्यंत चिखल होता. माझ्यासमोर खाली बसली आणि पहिलंच विचारलं, "मास्तर, तुमची ती परीक्षा झाली काय ओ?"

मी अप्पांकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा दोर हातात घेतला होता.

"झाली, अक्का."

"पास?"

"पास."

ती अप्पांकडे वळून कानडीत म्हणाली, ऐकलंत का, पास झाले. मग माझ्याकडे बघून, जरा लाजतच, म्हणाली, "मग माझा बी हात लागला की ओ त्याला, थोडा तरी?"

अप्पा दोर वळत राहिले. मी होय म्हणालो.